चोरी पस्तीस टक्के

आमच्या ऑफिसात एकदा सगळ्यांचे डबे उघडून चोर शोधला गेला, तो माझ्यामुळे. मेहुण्याच्या लग्नाची कॅसेट सीडीवर उतरवायची होती. घरचा कॉम्प्युटर धापा टाकायचा, म्हणून ऑफिसच्या सर्व्हरवर गुपचूप एक जादा मशीन उघडून मी ते काम त्याच्या गळ्यात मारलं. सर्व्हर माझ्याच ताब्यात होता. परवानगी मीच मागितली, मीच दिली.

साल २००८. गंगापूर रोडवर एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर आमची चिमुकली सॉफ्टवेअर कंपनी. सुरगाण्याची ललिता गावित तिथे सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. बोलायला तुटक, हसायला त्याहून. कायम झाली की धाकट्या बहिणीला शिकायला नाशकात आणणार होती.

नेमका तेव्हाच, त्याच सर्व्हरवरचा तिचा पगारपत्रकाचा प्रोग्रॅम रांगायला लागला.

"पोरी, शनिवारपर्यंत पळव त्याला," मालक देवरेसाहेब म्हणाले, "नाहीतर रामराम."

ललिताने स्क्रीन न्याहाळला. सर्व्हर नावाच्या एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक आभासी कॉम्प्युटर नांदतात, आणि प्रत्येकाला वाटतं, घर आपल्या एकट्याचं. वर हायपरवायजर नावाचा कारभारी प्रोसेसर पाळीपाळीने वाटतो. तुमची पाळी दुसऱ्याला दिली, की गेलेला वेळ तो इमानदारीत तुम्हालाच 'स्टील', म्हणजे इंग्रजीतली चोरी, म्हणून कळवतो. कोणी घेतला, ते मात्र सांगत नाही. "सुरगाण्याची जीप," ललिता म्हणायची. "सगळ्यांना 'सीट रिकामी हाय' सांगूनच बसवतात. फक्त जीपवाला कोण किती दाबला गेला ते कळवत नाय."

तिने साहेबांना शुद्ध मराठीत लिहून दिलं: 'सर्व्हरवर चोरी, पस्तीस टक्के.'

साहेबांनी वॉचमन भिकाला दार लावायला सांगितलं. पिशव्या झाल्या, डबे झाले, हेल्मेटं उलटी करून झाली. झडतीत मीच सगळ्यांच्या पुढे. माझ्या ड्रॉवरमधून ऑफिसची बरीच पेनं निघाली, पण ती कोणी मनावर घेतली नाहीत.

"साहेब, वस्तू नाय गेली," ललिता म्हणाली. "माझ्या मशीनचा वेळ गेला."

"वेळ? तो तर इथे सगळेच खातात!"

मी हळूच जाऊन लग्न थांबवलं. नवरदेव हार हातात घेऊन तसाच राहिला, आणि इकडे प्रोग्रॅम सुसाट सुटला. साहेबांनी माझीच पाठ थोपटली. "वा, सर्व्हर दुरुस्त केलास!" मग ललिताकडे वळले. "तुझं बघू अजून सहा महिन्यांनी. प्रोग्रॅम तुझा, पण पळवला यानं."

ती माझ्याकडे एकदा बघून पुन्हा स्क्रीनकडे वळली. दुपारी डबा तसाच ठेवून मी उठलो. शेवटी केबिनमध्ये जाऊन लग्नाची सगळी हकीकत सांगून टाकली. साहेबांनी मला असं झापलं, की खाली दुकानातलं गिऱ्हाईक गोळ्या घ्यायच्या विसरून वर बघायला लागलं.

संध्याकाळी ललिता कायम झाली. मी उसन्या रुबाबात तिच्या टेबलाशी गेलो.

"काय ललिताताई, माझ्यामुळे कायम झालात. पेढे कुठायत?"

"तुमच्यामुळंच लटकले होते, सर. पेढे तुम्ही आणा."