पिंपळपानाचं टोक

लेकीच्या लग्नाआधी आईला घेऊन मी सराफ्यातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. दारावरच्या गार्डनं सलाम ठोकला, एकानं थंड पाणी दिलं, दुसऱ्यानं मखमलीवर चांदीचं पिंपळपान ठेवलं. लग्न बौद्ध पद्धतीचं. नातीच्या गळ्यात आपण दिलेलं पिंपळपान असावं, एवढीच आईची इच्छा. तिनं पान चष्म्याजवळ नेलं.

"ह्याले शिरा काहून नाहीत?"

"माताजी, ये मिनिमल है," सेल्समन म्हणाला.

मिनिमल म्हणजे काय, हे परतताना रिक्षात तिला समजावणं मला जमलं नाही. घरी येताच तिनं कपाटातून तिच्या आईची तोरडी काढली. पायातली ही चांदी वर्ध्याकडची. आई ती घेऊन इथे जबलपुरात आली तेव्हा दोन्ही गावं एकाच प्रांतात होती.

"ही वितळव," ती म्हणाली. "तुझ्या त्या भट्टीत."

भट्टी म्हणजे गच्चीवरचा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. मेणाचा नमुना करायचा, तो प्लास्टरमध्ये गाडायचा, तापवून मेण घालवायचं आणि उरलेल्या पोकळीत चांदी भरायची. तोवर माझ्या हातून काही अंगठ्या झाल्या होत्या. त्यातली एक बायको घालायचीही, पाहुणे नसताना.

पान शोधावं लागलं नाही. कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या कठड्याच्या भेगेत पिंपळाचं रोप उगवलं होतं. शेजाऱ्यांच्या श्रद्धेमुळे आणि आमच्या आळसामुळे ते टिकलं होतं. त्याचं बोटाच्या पेराएवढं कोवळं पान आईनं खुडलं आणि मेणाच्या मऊ, पातळ पट्टीवर अंगठ्यानं दाबलं. शीर न् शीर उमटली. मी मेण पानाच्या आकारात कापलं, देठाला मेणाची काडी जोडली. चांदी आत जायची वाट तीच.

साचा तापला, मेण गेलं. त्याच्या तोंडाशी तोरडीचा तुकडा ठेवून मी गॅसच्या ज्योतीनं वितळवला. वाट इतकी अरुंद असते की चांदी आपणहून उतरत नाही, वरून दाब लागतो. त्यासाठी यंत्रं मिळतात. आमच्याकडे अर्धा कापलेला बटाटा होता. तो तोंडावर दाबला की त्याच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती चांदीला आत ढकलते.

"आलू उकडून राहिला का दागिना करून राहिला?" आईनं खुर्चीतून विचारलं.

साचा पाण्यात बुडवला, प्लास्टर गळून पडलं. शिरा सुरेख आल्या होत्या. टोक आलं नव्हतं. पिंपळपानाचं ते लांब, निमुळतं टोक गेलं की काय उरतं, ते लेकीनं सांगितलं.

"बाबा, ये तो व्हॅलेंटाइन वाला दिल हो गया."

"पत्त्यातला बदाम," आई म्हणाली. पण ती हसली नाही.

लग्न अगदी तोंडावर आलं होतं. "पुन्हा नाही जमलं तर दुकानातलं आणू," मी म्हणालो. उरलेली तोरडी आणि तो बदाम बांधलेला रुमाल आईनं माझ्या हातात दिला आणि ती आत गेली. निवृत्त होताना मला शाली मिळाल्या, नारळ मिळाले, माझ्याबद्दल तासभर भाषणं झाली. त्या सगळ्यांत मिळून या रुमालाएवढं वजन नव्हतं.

मी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. पानात रस देठाकडून जातो, म्हणून चांदीही तिकडूनच जावी असं मी धरून चाललो होतो. चांदी तो विषय शिकलेली नव्हती. टोकापर्यंत पोचण्याआधीच ती थिजत होती. दुसऱ्या पानाला मी काडी टोकाशी जोडली आणि देठ तळाशी ठेवला. या वेळी बटाटा आईनं निवडून दिला, स्थळ पारखावं तसा उलटासुलटा बघून.

पान पाण्यातून निघालं ते टोकासकट. मी काडी कापली. आईनं सेफ्टी पिननं शिरांमधलं प्लास्टर कोरून काढलं, मग टोकावरून बोट फिरवलं.

"टोचते," ती म्हणाली. "घासून दे. पोरीच्या गळ्यात राहायचं आहे."

मी कानस शोधायला खाली उतरलो. इतक्या आनंदानं मी आजवर कुणाचं ऐकलं नसेल.