पडद्यावर बाई शोधताना

सिनेमा मुका असला की बघणारेच जास्त बोलतात, म्हणून आमच्याकडे किश्श्यांचा एवढा ढीग! अमरावतीत दर रविवारी दिनकर सरांच्या हॉलमध्ये आम्ही शंभरेक वर्षांपूर्वीच्या खेळांच्या मुक्या फिल्मा बघतो. सर रिटायर्ड पीटी टीचर. प्रोजेक्टर बशीरभाईंचा. आणि नांदगाव खंडेश्वरच्या नंदाताई, भाजी विकून झाली की टोपलीसकट हजर.

*

पहिल्याच रविवारी धावण्याची शर्यत. पडद्यावर नुसते पुरुष!

"यात बाया काहून नाई?" नंदाताईंनी विचारलं.

"त्या काळी बाया धावत नव्हत्या," सर म्हणाले.

"मंग पोट्ट्यांच्या मांगं कोन धावे? तुमी?"

सरांनी घाईघाईनं चहा मागवला.

*

मग बायकांची शर्यत सापडली. लांब झगे, मोठाल्या टोप्या. नंदाताई टाळ्या पिटत होत्या. पहिल्या आलेल्या बाईनं टोपी काढली, तर खाली टक्कल! हसवण्यासाठी झगे घातलेले सगळे बाप्येच. बायकांच्या शर्यतीतही बाई नाही, मी तर हबकलोच.

"माया टाळ्या वापस द्या!" नंदाताई म्हणाल्या.

*

एकदा बॉक्सिंग लागलं. काळा बॉक्सर गोऱ्याला धू धू धूत होता. त्यानं शेवटचा ठोसा उगारला आणि फिल्म खतम! गोरा हरताना दिसू नये म्हणून कॅमेराच थांबवलेला, असं फिल्मसोबतच्या माहितीत लिहिलं होतं.

"वायर ठीक हाय सर," बशीरभाई म्हणाले, "नियतच तुटेल हाय."

सर ताडकन उठले. "जिंकला त्यालेच दाखवत नाही? हरामखोरी आहे ही!" त्या दिवशी त्यांचा चहा तसाच गार झाला.

*

यंदा नांदगावच्या शंकरपटात, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीत, नंदाताईंनी स्वतः बैलजोडी हाकलली आणि पहिल्या आल्या! अकोटच्या त्यांच्या आईला मात्र पटेना. "बाई कुठी पट हाकलते काय? थापा नको मारू." सरांनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. ताईंनी आईला एसटीनं आणून पहिल्या खुर्चीवर बसवलं.

पडद्यावर जोडी सुटली. बैलांची शिंगं, बैलांचे पाय, धूळ. मग कॅमेरा वळला थेट मंडपाकडे. तिथे ताईंचे यजमान बक्षिसाची ढाल डोक्यावर घेऊन गुलालात नाचतायत. शूटिंग संपलं.

ताई उठून थेट पडद्याजवळ गेल्या.

"सर, मी कुठी हावो?"

"अहो ताई, बैल तर पूर्ण घेतले ना मी!"

म्हातारीनं चष्मा पुसला आणि लेकीकडे वळली.

"जवाई चांगले नाचले वं. पन नंदे, गाडी तं तू हाकलली म्हने ना?"