चहाआधी दहा जोड्या

आमच्या घरात सकाळचा चहा सहजासहजी मिळत नसे. बाबा माझा कप स्वतःकडे ओढून बसत आणि एकेक क्रियापद फेकत. "डिपेंड?" मी म्हणायचं, "ऑन." "लाफ?" "अ‍ॅट." "मॅरीड?" "टू." इथे तोंडातून 'विथ' निघालं की संपलं, पुन्हा एकपासून सुरुवात. दहा जोड्या बरोबर आल्या की कप माझ्याकडे सरकायचा. ज्या क्रियापदाच्या मागे काहीच लागत नाही, त्याच्यासाठी बाबांचा खास शब्द होता, 'कोरं'. डिस्कस? कोरं. एन्टर? कोरं. सगळं रायपूर 'डिस्कस अबाउट' करत होतं आणि बाबा एकटेच त्याच्यावर चिडत होते.

बाबा रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते. विदर्भातल्या खेड्यातून आलेला माणूस. घरात वऱ्हाडी, रस्त्यावर हिंदी, पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, शेजाऱ्यांशी छत्तीसगढी, आणि इंग्रजी फक्त फायलीपुरती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात साहेबाने त्यांचं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि प्रत्येक चुकीच्या 'टू'वर नि 'फॉर'वर ऑफिस हसलं होतं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. त्यांनी पाढ्यांसारख्या या जोड्या घोकून काढल्या, आणि मी शाळेत जायला लागले तशा मलाही पाजल्या. गंमत म्हणजे इंग्रजीत आम्ही बापलेकींनी एकमेकांशी एक सरळ वाक्य कधी बोललेलं नाही. खरं सांगायचं तर मराठीतही फारसं बोललो नाही. आमचं बोलणं म्हणजे या जोड्याच.

रायपूर राजधानी झालं तसे गल्लोगल्ली इंग्लिश स्पीकिंगचे बोर्ड लागले. नव्या ऑफिसांत चिकटायचं तर इंग्रजी हवी, असं सगळ्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पंडरीच्या बाजारात कापडाच्या दुकानावरच्या एका खोलीत असाच क्लास चालायचा, तिथे मी शिकवायला लागले. शिकवायचे अर्थात बाबांच्याच पद्धतीने. बाबा तोंडाने कौतुक करणारे नव्हतेच, पण मी निघताना "आज कोन्त्या दहा घेतेस?" एवढं न चुकता विचारायचे.

ते रिटायर होऊन वर्षही झालं नसेल. एका दुपारी पिशवी घेऊन भाजीला म्हणून उठले आणि उंबऱ्यातच कोसळले. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आले ते तोंडात एकच अक्षर घेऊन, "ता". पाणी हवं तरी ता, पंखा नको तरी ता. आई त्यांच्या डोळ्यांवरून ओळखायची. मला ओळखता येत नव्हतं. मी पाणी दिलं तर ते मान हलवत, उशी दिली तर मान हलवत, आणि मग डोळे मिटून घेत. मला रडू यायचं आणि त्यांच्यासमोर रडायची लाज वाटायची.

एका सकाळी मी त्यांच्या पायाशी बसून क्लासची तयारी करत होते. स्वतःशीच पुटपुटले, "डिपेंड..."

"ऑन," बाबा म्हणाले.

अगदी स्वच्छ. मी वही फेकून ओरडले, "आई! बाबा बोलले!" आई पिठाच्या हातांनी धावत आली. मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. लिसन, टू. लाफ, अ‍ॅट. डिस्कस, कोरं! आई पदराने डोळे पुसत होती. मी तर अर्धा पारा घरात गोळा केला आणि सगळ्यांसमोर त्यांना म्हणून दाखवायला लावलं.

डॉक्टरांना सांगितलं तर ते थंडपणे म्हणाले, "बेटी, ये बोलना नहीं है. पहाड़े जैसा रटा हुआ निकल रहा है. उनसे बातें करो, घर की बातें."

मला त्या माणसाचा इतका राग आला! त्याला काय माहीत आमच्या घरातलं? डिपेंडवरून ऑन निघाला, तर उद्या पाणी निघेल, परवा माझं नाव निघेल, असं मी धरूनच चालले. सकाळ-संध्याकाळ जोड्या घ्यायला लागले. दहाच्या वीस केल्या. आई म्हणायची, "काहून तरास देऊन राहिली वं ह्याइले? आपलं साधं बोल नं काही." साधं काय बोलायचं असतं बापाशी, ते मला ठाऊक नव्हतं. महिना होत आला. पाणी निघालं नाही. माझं नावही निघालं नाही. मी हट्टाला पेटले होते, आणि आतून भीतीने पोखरून गेले होते.

मग ती सकाळ. मी त्यांचा चहा आणला आणि कप त्यांच्या हाताला लागणार नाही असा स्टुलावर ठेवला. "दहा झाल्या की चहा," मी म्हणाले. हसत म्हणाले. ते सहापर्यंत आले आणि थांबले. कपाकडे बघत राहिले.

"चार राहिल्या, बाबा."

"ता."

"ता नाही. लुक? सांगा, लुक?"

"ता... ता."

चहावर साय धरली. माझा तोल गेला. "तुमीच शिकवलं नं मले असं! मले देत होते का चहा? मग बोला आता!" माझा आवाज बाहेरच्या गल्लीत गेला असणार. बाबांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं, तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यापर्यंत. त्यांनी ओठ मिटले आणि भिंतीकडे मान वळवली. आई आली, मला बाजूला केलं, चहा गरम करून आणला आणि चमच्याने पाजायला लागली. "तू जाय क्लासले," एवढंच म्हणाली. मी गेले. जाऊन वीस पोरांना जोड्या शिकवल्या.

त्यानंतर मी पुष्कळ केलं. माफी मागितली, हातापाया पडले, जोड्यांची वही जाळते म्हणाले. बाबा माझ्याकडे बघत, रागाने नाही, पण ओठ उघडत नसत. ता सुद्धा नाही.

पंधरा-वीस दिवसांनी सदर बाजारातून आईच्या चष्म्याला काच बसवून लवकर परतले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत आई मेथी निवडता निवडता गावाकडचं काहीतरी सांगत होती, कुणाची म्हैस, कुणाचं लग्न. मध्येच होकार देणारा बाबांचा आवाज आला, "हव."

आई पुढे सांगत राहिली. तिला नवल वाटलं नव्हतं, म्हणजे हे काही दिवस चाललेलं होतं. "मंग ते गेली पुसदले," आई म्हणाली. "गेली," बाबा म्हणाले. जड, घसरता, पण त्यांचाच आवाज. मी दार ढकलून आत धावले. बाबांनी मला पाहिलं आणि ओठ मिटले.

आईने मेथीची पुढची काडी उचलली. मग म्हणाली, "थोडी बाहीर थांबत जाय नं, बाई."

बाबा त्यानंतर दोन वर्षं जगले. ती दोन वर्षं मी पंडरीहून आले की आधी पायरीवर थांबायचे. त्यांचं बोलून झालं की मग आत जायचे.