पायाशी टाकलेला गूळ

मालकानं गुळाचा खडा माझ्या पायाशी टाकला. हातात दिला नाही. टाकला. तेही धूळ मोजायला आलेल्या साहेबासमोर.

मी एवढंच म्हणाले होते, "साहेब, पानी आज मारलंय. रोज न्हाई मारत."

नेकनूरच्या रस्त्याला आमचं खडी क्रशर. दगड फुटतो तिथं पाण्याचे फवारे पाहिजेत. ते पाणी एरवी मालकाच्या मोसंबीला जातं. मोजणीच्या दिवशी मात्र सगळं चिंब. आम्हाला नाकाला फडकं, आणि सुट्टी झाली की एकेक गुळाचा खडा. गुळानं धूळ उतरते म्हणे. आम्हीही प्रसाद घ्यावा तसा हात पुढं करायचो.

"खा की बाई. छातीतलं समदं खाली जातंय," मालक हसला.

माझा नवरा बाजूलाच उकिडवा बसला होता. ऊसतोडीची वणवण नको म्हणून आम्ही दोघं इथं आलो होतो. आता डॉक्टर म्हणतो, याच्या फुफ्फुसात दगडाचा भुगा बसलाय, तो निघणार नाही. त्यानं वाकून तो खडा उचलला. शर्टाला पुसला. तोंडात टाकला आणि वर मालकाला हात जोडले. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि गूळ परत मातीत पडला. मुकादम खो खो हसला. साहेब मोबाईल बघत राहिला. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. नवऱ्याची कीव आली, आणि मालकाचा राग.

साहेबाचं धूळ मोजायचं यंत्र म्हणजे कमरेला डबी आणि तिची नळी कॉलरला, नाकाजवळ. माणूस जी हवा ओढतो तीच ते ओढतं. ते बांधलं होतं मुकादमाला. मुकादम दिवसभर ऑफिसात, कूलरपुढं.

दुसऱ्या दिवशीही मोजणी होती. साहेब मुकादमाला यंत्र बांधायला लागला तशी मी मध्ये जाऊन उभी राहिले. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातला होता, आम्ही बाया कामावर घालतो तसा. त्याची कॉलर पुढं केली.

"हितं लावा."

"कावून शानपना करायलीस? जा, पाटी उचल," मुकादम ओरडला.

"धूळ म्या खाते. मशीन तुमी कावून घालता?"

कुणी हसलं नाही. कामावरची माणसं गोळा झाली होती. साहेबानं खाली मान घालून यंत्र माझ्या कॉलरला लावलं. मी खडी वाहणाऱ्या पट्ट्याजवळ गेले. फवाऱ्याचा कॉक फिरवून बंद केला, रोज असतो तसा. धूळ उठली. मी पाटी उचलली.

दुपारी मालक आला. त्यानं नळी ओढून काढली. "उद्यापासून दोगंबी तोंड दावू नका."

मोजणीत काय निघालं, कुणी सांगितलं नाही. नवरा आता खाटेवर बसूनच झोपतो. आडवं झालं की जीव घाबरा होतो. तो वाचणार नाही. दुसऱ्या क्रशरवर गेले तर तिथंही गूळच मिळेल.

पण पुढच्या मोजणीला ते यंत्र परत येणार आहे. त्या दिवशी नवऱ्याला खाटेसकट क्रशरच्या गेटात नेऊन ठेवणार. तोवर तो राहिला नाही, तर त्याचा शर्ट घालून मीच गेटात आडवी पडेन. आधी यंत्र ह्या कॉलरला लागेल. मग साहेबाची गाडी आत जाईल.