बटणं सरकली तो आठवडा

दुकानात बसणाऱ्याकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, रद्दी आणि किस्से. रद्दी निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते ज्याचे त्यानेच सांगून संपवायचे. माझं कामशेतला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. शिवाय आसपासच्या पाच-पन्नास लोकांचे कॉम्प्युटर मीच बसवून दिलेत, त्यामुळे काहीही बिघडलं की फोन मला. लाइट गेली तरी मला!

त्यात मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी ब्राउझरचं, म्हणजे आपण ज्यात वेबसाइट उघडतो त्याचं, नवीन व्हर्जन आलं. वरची पट्टी जाड झाली, डावीकडे एक नवी उभी पट्टी उगवली आणि सगळी बटणं आपापल्या जागेवरून सरकली. कुणी मागितलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. पाहुण्या बाईने आपल्या स्वयंपाकघरातले डबे हलवून ठेवावेत, तसलाच प्रकार. मग काय, सकाळपासून फोन सुरू!

*

पहिला मान भुशीच्या लॉजवाल्या काकांचा. पावसाळ्यातला शनिवार, म्हणजे धरणावर भिजून आलेली पब्लिक काउंटरला चिकटलेली. सगळ्यांना रूम पाहिजे आणि ती आत्ताच पाहिजे. कुणी "मॅनेजर को बुलाओ" म्हणतंय, कुणी आपल्या मामाची ओळख सांगतंय. नेमका तेव्हाच बुकिंगच्या स्क्रीनवर गोल फिरायला लागला, 'अपडेट चालू आहे'.

काकांनी मला फोन लावला. मी म्हटलं, "हात लावू नका, आपोआप होईल." त्यांनी फोन ठेवला आणि मॉनिटर सरळ पब्लिककडे फिरवला. "बघा, माझ्या हातात काही नाही."

आश्चर्य म्हणजे गर्दी गप्प झाली. सगळे टक लावून आकडा बघायला लागले. साठ टक्के, सत्तर टक्के. नव्वदला एक जण कॉमेंटरी करायला लागला, शंभर झाल्यावर चक्क टाळ्या पडल्या! मग काकांनी मॉनिटर आपल्याकडे वळवला आणि शांतपणे सांगितलं, "रूम फुल आहेत." सगळे गुपचूप पायऱ्या उतरून गेले.

संध्याकाळी काकांचा पुन्हा फोन. "ताई, हे अपडेट दर शनिवारी लावून मिळेल का?"

*

सोमवारचा पहिला फोन मात्र हसण्यासारखा नव्हता. टाकवे बुद्रुकच्या हौसामावशीचा होता. मावशी तिथल्या दूध डेअरीत कॉम्प्युटरवर बसते. सभासदाचा नंबर टाकायचा, किती लिटर, किती फॅट ते टाकायचं, सेव्ह करायचं, पावती काढून द्यायची. शाळा चौथीपर्यंत, पण गेली सहा वर्षं सकाळ-संध्याकाळ हे काम तिनं एकटीनं सांभाळलंय.

"ताई, सकाळी सात जणांची नोंद पुसली गेली," ती म्हणाली. "मी रोजच्या जागंवरच दाबलं वो!"

"मग?"

"मग काय, सचिव म्हनतो, बाईला नवं जमायचं न्हाई. त्याची मेव्हनी कोर्स करून बसलीय. शुक्रवारी कमिटी बसनार हाय माझ्यासमोर. नव्याच्यात करून दावलं तर ऱ्हायचं, न्हाईतर खुर्ची सोडायची."

त्या खुर्चीवर तिचं घर चालतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "उद्याच येते." आणि तो उद्या उजाडला गुरुवारी, कारण मधे बाकीची मंडळी होती ना!

*

मंगळवारी निघणार तेवढ्यात लोणावळ्याचे सर हजर. निवृत्त मुख्याध्यापक, वय शहाऐंशी, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. हातात फुलस्केपची चार पानं.

"हे टाइप करून त्यांना पाठव."

"कुणाला, सर?"

"ज्यांनी बदललं त्यांना. तिथे विचारलंय, आपला अनुभव कळवा. कळवायला नको?"

मी पान बघितलं. विषय: पूर्वसूचनेशिवाय बटणांची जागा बदलल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून! पुढे चार पानं मुद्देसूद. "अगं, वर्गातला बाक हलवायचा तरी मी आधी नोटीस काढायचो," सर म्हणाले. त्यांना नाही म्हणायची माझी काय टाप? मी तासभर बसून ते सगळं त्या चिमुकल्या चौकटीत टाइप केलं आणि पाठवलं. स्क्रीनवर एक ओळ आली, 'धन्यवाद'.

"ही पोच का?" सरांनी विचारलं. मी हो म्हटलं. तर त्यांनी त्या 'धन्यवाद'ची प्रिंट काढायला लावली, त्यावर तारीख घातली आणि पंच मारून फायलीत लावली. जाताना दारातून म्हणाले, "सात दिवस वाट बघू. नाही तर स्मरणपत्र."

आजवर तीन स्मरणपत्रं गेलीत. फाइल जाड होत चालली आहे.

*

त्याच दिवशी मळवलीहून दत्तूभाऊंचा फोन. मुंबईच्या एका शेटचा बंगला सांभाळतात. कोण पाहुणे आले, कोण गेले ते रोज कॉम्प्युटरवर भरायचं, एवढंच त्यांचं काम.

"ताई, आमचा कॉम्प्युटर सुतकात गेला! सगळं काळंकुट्ट."

"बंद पडलाय?"

"न्हाई, चालू हाय. पर पान काळं. खिडक्या उगाडल्या, पडदं काडलं, बल्ब सुदिक बदलला. तरी उजेड पडना!"

नव्या व्हर्जनने पानाचा रंग परस्पर गडद करून ठेवला होता, बाकी काही नाही. फोनवरच मी त्यांना एक-एक बटण सांगितलं आणि पान पांढरं झालं. भाऊ खूश. दहा मिनिटांनी परत फोन.

"ताई, आता लय उजेड झाला. जुना बल्ब परत लावू का?"

*

कदमांचा किस्सा तर त्यांच्या बायकोनेच मला सांगितला. कदम कंपनीत मेंटेनन्सला. त्यांच्याकडे पक्का नियम आहे, मशीनवर काम काढलं की लाल टॅग लटकवायचा आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्या कुणी हात लावला तर मेमो! बुधवारी घरच्या लॅपटॉपवर 'अपडेटसाठी रीस्टार्ट करा' असं आलं. कदमांनी बटण दाबलं, लॅपटॉपला लाल टॅग बांधला, 'काम चालू, हात लावू नये', खाली सही केली, आणि गेले सेकंड शिफ्टला.

अपडेट चार मिनिटांत झालं असणार. पण वहिनींची शिकवणी असते, मुलं येऊन बसलेली आणि लॅपटॉप बंद. त्यांनी मला विचारलं, मी म्हटलं, "काढा की तो टॅग, काय होतंय?"

"छे छे! नियम म्हणजे नियम. ज्यानं लावला त्यानंच काढायचा."

त्यांनी मुलांना घरी पाठवलं. मग कदमांच्या बॅगेतला दुसरा टॅग शोधला, त्यावर सही केली, गॅसच्या शेगडीला बांधला आणि बहिणीकडे तळेगावला निघून गेल्या. दोन दिवस!

कदमांनी टॅग काढला नाही. नियम म्हणजे नियम. केळी खाऊन राहिले.

*

आता माझंही सांगते, नाही तर म्हणाल ही फक्त दुसऱ्यांचं सांगते. माझ्या दुकानात वरच्या पट्टीवर सगळ्या सरकारी साइट ओळीने लावलेल्या होत्या, ती अख्खी पट्टीच नव्या व्हर्जनमध्ये गायब! साइटचे पत्ते पाठ कुणाला? दोन तास मी शोधत होते आणि बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकाला गंभीर चेहऱ्याने सांगत होते, "सर्व्हर डाउन आहे." एक आजी जाताना म्हणाल्या, "सावकाश व्हऊ दे, बाई. तुझं तोंड किती उतरलंय."

लाज वाटली हो मला.

*

गुरुवारी एकदाची टाकव्याला पोचले. मावशीचा कॉम्प्युटर मी बऱ्याच दिवसांनी बघत होते. स्क्रीनवर तीन टिकल्या! कपाळाला लावायच्या, पाकिटातल्या. लाल, हिरवी, मरून.

"हे काय?"

"लाल दाबली की नोंद व्हती, हिरवीनं पावती निगती, मरून म्हंजी पुडचा नंबर," मावशी म्हणाली. "विंग्रजी कुटं वाचता येतंय मला?"

सहा वर्षं ही बाई टिकल्यांवर डेअरी चालवत होती! आणि आता पान सरकल्यावर लाल टिकली बरोबर 'डिलीट'वर, म्हणजे पुसायच्या बटणावर आली होती. टिकल्या कुठून आणल्या विचारलं, तर म्हणाली, "मालक गेलं तवा पेटीत चार पाकिटं तशीच पडलीवती. लावायची सोय न्हाई, आन् टाकायला जीव व्हईना. म्हनलं, हितं तरी लावू."

मी आपलं काम केलं. डावीकडची पट्टी लपवली, पान थोडं वर घेतलं, तिन्ही टिकल्या आपापल्या बटणावर आल्या. "झालं! उद्या बिनधास्त करा," म्हणत मी पर्स उचलली.

"बसा खाली," मावशी म्हणाली. "जागा आज बसली, उद्या परत हालंल. मला जागा नको. बटनाचं नाव कसं वळखायचं त्ये सांगा."

मग आम्ही बसलो. पहिलं अक्षर धरायचं ठरलं. सेव्हचा एस म्हणजे वेटोळं घातलेला साप. प्रिंटचा पी म्हणजे उभी पळी. नेक्स्टचा एन म्हणजे दोन खांब आणि मधे कलती काठी. "आन् ह्यो पोट फुडं आलेला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तो डिलीट, त्याच्या वाटेला जायचं नाही. तिनं चारी अक्षरं पीठ चाळल्यासारखी पुन्हा पुन्हा घोकली. संध्याकाळचं दूध यायच्या वेळेपर्यंत तिनं मला उठू दिलं नाही.

शुक्रवारी मी दुकान बंद ठेवून पुन्हा गेले. राहवेना. संध्याकाळच्या दुधाची रांग लागलेली, बाया, बाप्ये, किटल्या. कमिटीचे लोक खुर्च्या टाकून बसलेले. मावशीनं तीन-चार नोंदी झटपट केल्या, पावत्या निघाल्या. अध्यक्ष आबा मान डोलवायला लागले.

तेवढ्यात सचिव उठला. "जुन्यासारखं करून ठेवलंय हे," म्हणाला, आणि माउस घेऊन त्यानं ती उभी पट्टी उघडली. पान सरकलं. तिन्ही टिकल्या पुन्हा भलत्याच जागी. "नवीन आहे तसं करून दाखवा की, मावशी."

मधे बोलावं तर मावशीचंच नुकसान.

मावशी स्क्रीनच्या जवळ वाकली. "टिकलीच्या खालचं अक्षार दिसंना," ती स्वतःशीच म्हणाली. मग नखानं हिरवी काढली, टेबलाच्या कडेला चिकटवली. मरून काढली, ती फॅटच्या मशीनला लावली. लाल काढली आणि ती बोटावर घेऊन इकडं तिकडं बघितलं.

मग तिनं ती आपल्या कपाळाला लावली.

मावशीनं तेरा नंबरचं लिटर टाकलं, फॅट टाकला, साप शोधून दाबला, पळी शोधून दाबली. पावती निघाली. ती फाडून देत तिनं हाक मारली, "चौदा नंबर! दूध वता."

चौदा नंबरचे सभासद खुद्द अध्यक्ष आबा. ते खुर्चीवरून उठले, त्यांनी एकदा तिच्या कपाळाकडं बघितलं, आणि किटली पुढं केली.