ताईचं फिरतं नेट

ताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. भाऊजींनाही नाही. दोघं अकोल्याला जुन्या शहरात राहायचे. खाली भाऊजींचं शिवणकामाचं दुकान, वर दोन खोल्या. मी अमरावतीला. त्यामुळे आमचं फोनवर बोलणं म्हणजे व्हिडिओ कॉल, तोही हातांनी. मी तिच्या अंगाखांद्यावर वाढलो. तोंडाने बोलायच्या आधी मी हातांनी बोलायला लागलो होतो, असं आई सांगायची.

ताईच्या किडन्या गेल्या, तेव्हा डायलिसिस अकोल्यातही झालं असतं. पण डॉक्टर काय म्हणतात ते तिला आणि तिचं डॉक्टरांना समजावून सांगणारं कोणीतरी जवळ हवं होतं. म्हणून मी तिला माझ्याकडे आणलं. भाऊजी दुकान सोडून येऊ शकत नव्हते. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं वेगळ्या गावी झोपत होते.

घरी ब्रॉडबँड होतं. संध्याकाळी ताई हॉलमध्ये खुर्चीवर बसून भाऊजींशी बोलायची, ते ठीक चालायचं. अडचण दवाखान्यात होती. डायलिसिसची खोली तळघरात. तिथे फोनला रेंज जेमतेम. चार तास सुया टोचलेला हात हलवायचा नाही, आजूबाजूला कोण काय बोलतंय ते कळत नाही, मी नर्सशी बोलायला उठलो की ती एकटी. भाऊजींना कॉल लावला की चित्र थांबायचं. आपलं चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो. यांचं चित्र अडकलं की वाक्यच अडकायचं. ताई चिडून फोन पोटावर उपडा टाकायची आणि छताकडे बघत पडायची.

मोबाइलच्या दुकानदाराने खिशात मावणारा राउटर सुचवला. सिम दुसऱ्या कंपनीचं टाकलं, तळघराच्या झरोक्यात तो ठेवून पाहिला, आणि भाऊजींचा चेहरा स्वच्छ दिसला. मग घरचं कनेक्शन मी बंदच केलं. माणूस येऊन वायर गुंडाळायला लागला तशी ताई घाबरली.

"हे काहून काढून राहिला?" तिने विचारलं.

मी तो छोटा राउटर तिच्या तळहातावर ठेवला. "आता नेट घरी नाही राहत. तुझ्यासंगं फिरते."

भाऊजींनी राउटरसाठी ब्लाऊजपिसाच्या उरलेल्या कापडाची, नाडी लावलेली पिशवी शिवून पाठवली. ताई ती गळ्यात घालूनच गाडीत बसायची. महिन्यातून एकदा अकोल्याला जाताना एसटीत तिचे हात थांबत नसत. मूर्तिजापूर आलं, बाजूच्या बाईचं लेकरू झोपलं, कंडक्टर तुमच्यासारखाच टकला आहे, असं सगळं ती भाऊजींना सांगत जायची. लोक माना वळवून बघायचे. ती बघू द्यायची.

दवाखान्यात मात्र ती एका हाताने बोलायची. दोन हातांचे शब्द एका हाताने अर्धेच होतात. मला अंदाज बांधावा लागायचा. भाऊजींना कधीच लागला नाही. तिकडे ते शिलाई मशीनवर फोन टेकवून काज-बटण करायचे, इकडे ताईचं रक्त नळीतून फिरत असायचं, आणि दोघं भाजीत मीठ कमी पडल्यावरून भांडायचे.

त्या दिवशी मी औषधं आणायला वर गेलो होतो. अकोल्याहून, भाऊजींच्या शेजारच्या बांगडीवाल्याचा फोन आला.

"दादा, तुमी कुठी आहा? तुमचे भाऊजी माह्यापुढं हात जोडून राहिले. मोबाइल दाखवून राहिले. त्यात तुमच्या ताईनं मान टाकली दिसते. पयले तिच्याजवळ जा!"

मी जिना कसा उतरलो, आठवत नाही. नर्स दुसऱ्या पेशंटजवळ होती. ताईचे ओठ पांढरे पडले होते. फोन तिच्या कुशीत कलंडलेला, आणि त्यात भाऊजी तिला हात हलवून हलवून उठवत होते. तिचे डोळे मिटलेले. त्यांना दुसरी कोणती हाक येतच नव्हती.

माझ्या हाकेने नर्स धावत आली, तिने ताईचे पाय उंच केले, सलाईन वाढवलं. बीपी पडलं होतं, ते हळूहळू चढलं. डोळे उघडल्यावर ताईने मोकळ्या हाताने पहिलं वाक्य केलं, "त्याईले सांग, झोप लागली होती."

भाऊजींनी ते मानलं नाही. दिवस मावळायच्या आत शटर ओढून ते अमरावतीला आले आणि परत गेलेच नाहीत. मग डायलिसिसच्या वेळी तेच बाजूला स्टुलावर बसायचे. मला बाहेर काढून द्यायचे. राउटर घरी कपाटावर पडून राहायला लागला. एवढ्या आजारातही ते दिवस तिचे चांगले गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

दिवाळीच्या थोडं आधी, सकाळी दवाखान्यात जायला वेणी घालून घेत बसलेली असताना तिचं हृदय थांबलं. कंगवा भाऊजींच्या हातात होता.

तेरवी झाल्यावर भाऊजी अकोल्याला निघाले. मी राउटर जबरदस्तीने त्यांच्या पिशवीत घातला. "रोज कॉल करा." त्यांनी मान हलवली. कॉल आला नाही. मी लावला तर उचलत नव्हते. शेवटी एका रविवारी मीच गेलो.

दुकान बंद होतं. ते वरच्या खोलीत गादीवर बसले होते. मी चहा केला, दोघांनी घेतला. कप खाली ठेवून त्यांनी हात उचलले.

"तू ऐकलं आहे. ती हसायची तेव्हा तिचा आवाज कसा येत होता?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. ताई मोठ्याने हसायची, घोगरं, मध्येच वर जाणारं, कधी कधी खोकल्यासारखं. आम्ही घरचे ते हसू दोन खोल्या पलीकडून ओळखायचो. पण घोगरं म्हणजे काय, हे हातांनी कसं सांगायचं? मला जमेना. मी त्यांचा पंजा धरून माझ्या छातीवर ठेवला आणि ताईसारखा हसलो.

त्यांनी डोळे मिटले. बोटं माझ्या शर्टावर घट्ट दाबली. मी थांबल्यावर त्यांनी हात काढला नाही, दुसऱ्या हाताने म्हणाले, "अजून एकदा."

मी तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. माझी छाती हलत होती ती कशाने, हे त्यांच्या हातालाच कळलं.