के, एफ, एफ, ई

सकाळी साडेनऊपर्यंत सरांच्या सुनेनं एकोणीस शब्द वाचून दाखवले आणि एकोणीस वेळा सरांनी नकारार्थी मान हलवली. विसाव्याला तर त्यांनी अक्षरांची पाटीच ढकलून दिली. ती गेली पलंगाखाली. आता ती काढायला वाकायचं कुणी? तिनंच, दुसरं कोण आहे घरात.

सर म्हणजे तिचे सासरे. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून बाहेर सर आणि घरातही सरच. पोटच्या मुलांनीसुद्धा त्यांना कधी बाबा म्हटलं नाही. वर्गात शिरल्या शिरल्या फळ्याच्या कोपऱ्यात चार इंग्रजी अक्षरं लिहायची, ही त्यांची जुनी खोड. चारही अक्षरं ज्यात येतात असे शब्द तास संपायच्या आत शोधा. डिक्शनरी उघडली तर वर्गाबाहेर. ही लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच चहाला त्यांनी हिलाही चार अक्षरं घातली होती. हिनं दोन शब्द सांगितल्यावर ‘बरं आहे’ म्हणाले. सरांचं ‘बरं आहे’ म्हणजे जवळजवळ सत्कारच.

दोन महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. डावी बाजू लुळी पडली, जीभही गेली. त्यात सर डावखुरे, त्यामुळे उजव्या हातानं लिहिलेलं त्यांचं त्यांनाही लागेना. शेवटी दवाखान्यातून ही पाटी मिळाली: एपासून झेडपर्यंत अक्षरं, एका ओळीत सहा. हव्या त्या अक्षरांवर बोट ठेवत जायचं. सरांनी पहिल्याच दिवशी बोट ठेवलं: के, एफ, एफ, ई. सगळ्यांना काय आनंद झाला! सरांनी कोडं घातलं, सर बरे होणार.

मग दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तीन आठवडे झाले, तीच चार अक्षरं, आणि शब्द चुकला की पाटीवर थापट्या. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणं सरांच्या लेखी गुन्हा, त्यामुळे तो रस्ताही बंद. नवऱ्यानं मोबाइलवरून यादी काढून दिली आणि आपलं कर्तव्य संपवलं. त्या यादीत ‘कर्फफल’ असा एक शब्द निघाला. अर्थ पाहिला तर उगाचचा गोंधळ.

‘तो तर घरात आहेच, सर,’ ती म्हणाली. ‘त्यासाठी पाटी कशाला हवी?’

सरांनी डोळे मिटून घेतले.

तिकडे नणंदेचं फोनवर सुरूच होतं. ‘अगं, डोकं गेलंय त्यांचं. चार अक्षरं घोकत बसलेत. चांगलं शुश्रूषागृह आहे, तिथे ठेवू.’ नवऱ्यानंही मान डोलावली. शनिवारी गाडी यायची होती. तोवर सरांनी एक धड वाक्य सांगितलं तर ते घरी राहणार, नाहीतर रवानगी. ते वाक्य काढून घ्यायचं काम अर्थातच हिच्याकडे. विमा कचेरीतून रजा हिनं घेतलेली, ती वाढवून मागताना साहेबांची बोलणीही हिनंच खाल्लेली. एकदा मनात आलंच, जाऊ देत, सुटेन तरी. मग असं मनात आलं म्हणून ती स्वतःवरच चिडली.

शुक्रवारी यादीत एकच शब्द उरला: कॉफीकेक. या घरात कुणी कॉफीला तोंड लावत नाही. तरी ती बेकरीत गेली, केकचा तुकडा आणला आणि बशी सरांपुढे ठेवली.

‘हाही नसेल तर मी हात टेकले.’

सरांनी अर्धा तुकडा खाल्ला आणि आणखी हवा म्हणून बशी आपटली. उरलेला अर्धा बशीतच होता, डाव्या बाजूला.

‘हा काय समोर. दिसत नाही का?’ तिनं वैतागून बशी गर्रकन फिरवली. सरांनी तो अर्धाही मुकाट्यानं खाल्ला.

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. खरंच दिसत नव्हतं, झटक्यानं सरांची डावीकडची नजरही नेली होती. रोज ताटातलं डावीकडचं तसंच उरायचं आणि ती त्याला नखरे म्हणायची. तिनं पाटी ओढून पाहिली. के, ई, एफ, तिन्ही उजव्या अर्ध्यात. डाव्या अर्ध्यातल्या एकाही अक्षरावर सरांचं बोट कधी गेलंच नव्हतं. कोडंबिडं काही नव्हतं. सर पूर्ण वाक्य सांगत होते आणि निम्मी अक्षरं सापडत नाहीत म्हणून संतापत होते. आणि आपण काय केलं, तर शब्द शोधत बसलो.

तिनं जुन्या कॅलेंडरची लांब पट्टी कापली, सव्वीस अक्षरं एकाखाली एक लिहिली आणि पट्टी त्यांच्या उजवीकडे उभी धरली. सरांचं बोट वरखाली धावायला लागलं. ती एकेक शब्द मोठ्यानं जुळवत गेली.

‘गो. बॅक. टू. ऑफिस.’

बॅकमधला के, ऑफिसमधले दोन एफ आणि ई, तिनं बोटांवर मोजलं. ‘मी?’

सरांनी होकारार्थी मान हलवली. साहेबांशी तिची ती फोनवरची गयावया तिनं याच खोलीत उभं राहून केली होती.

‘आणि तुमचं कोण करणार?’

बोट पुन्हा फिरलं. सेंड मी.

‘म्हणजे तुम्हाला इथे ठेवायला मी तीन आठवडे डोकेफोड केली आणि तुम्ही...’ तिचे डोळे भरून आले, त्याचाही तिला राग आला. तिनं नवऱ्याला फोन लावला.

‘सरांचं डोकं शाबूत आहे. उद्याची गाडी रद्द कर.’

‘काय सांगतेस? काय म्हणाले?’

‘मी सोमवारपासून कामावर जावं म्हणाले. मी जाणार आहे.’

‘अगं, पण मग सरांकडे बघणार कोण?’

‘त्यांना दोन मुलं आहेत,’ ती म्हणाली. ‘ताईंना फोन कर आणि आपसात ठरवा.’